चौथी हाक

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली, मीटरच्या फळीशेजारी एक पाटी आहे. 'आवारात व जिन्यात मोठ्याने हाका मारू नयेत. बेलचा वापर करावा. – सेक्रेटरी.' तो सेक्रेटरी मी. पाटी मीच रंगवून घेतली आणि ती एका माणसासाठीच घेतली. त्या माणसाविषयी लिहायचं तर पाटीपासूनच सुरुवात करायला हवी, कारण पुढं जे झालं त्यात तिचा वाटा आहे, आणि माझा त्याहून जास्त.

पुंजारामभाऊ तिसऱ्या मजल्यावर बन्सीकडं राहायला आले तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. पुढं पाटी बदलली, नळाला पाणी मात्र अजून आठव्या दिवशीच येतं. बन्सी त्यांचा मुलगा, वाळूजला एका कंपनीत पाळीनं कामाला. सूनही नोकरीची. घरात दीड वर्षाची मुलगी, तिला सांभाळायला कुणी नाही, म्हणून पुंजारामभाऊ आणि साळूबाई खुलताबादच्या पलीकडच्या बोरवस्तीवरून इथं आले. येताना मुदत ठरवूनच आले होते. "नातीला शाळंत घातलं की आम्ही मोकळे," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं वय, तर म्हणाले, "पोलीस ॲक्शनच्या पुढल्या सालचा जन्म. बसवा तुम्हीच मेळ."

मी गुलमंडीत जन्मलेला माणूस. शहराला कुणी नावं ठेवली की मला राग येतो, मग ती खरी असली तरी. पुंजारामभाऊंना शहराची रोज एक नवी खोड सापडायची आणि ती सांगायला त्यांना माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आमच्या बेलमधून चिमणीचा आवाज येतो. पहिले तीन-चार दिवस बेल वाजली की ते गॅलरीत जाऊन कठड्याखाली बघायचे. "चिमणी लई वरडती, पर दिसत नाय," म्हणाले. जिन्यात भेटेल त्याला ते राम राम घालायचे. पहिल्या मजल्यावरच्या बँकेतल्या बाईंनी त्यावर "काय काम होतं?" असं विचारलं. ते खाली येऊन माझ्याशेजारी बसले. मग म्हणाले, "काम नसताना राम राम घालू नये, आशी रीत हाय का हितं?"

मी म्हटलं, "लोक घाईत असतात हो."

"घाई कशाची? दिवसा दारं लावून तर बसत्यात. आमच्याकडं दिवसा दार लावलं की समजायचं, ह्या घरात भांडण झालं."

रस्त्यावरच्या आवाजांचं तर विचारू नका. भंगारवाला, मोड आलेली मटकीवाला, साडी फॉलवाला, सगळ्यांचे भोंगे. आवाज भरून ठेवलेला, तोच तो, दिवसभर. पुंजारामभाऊंना त्याचा मनस्वी तिटकारा. "गाडीवरचा गडी तोंड मिटून बसलेला आन वरडतंय भलतंच. ह्याला ओ कुणी द्यायची?" मी म्हणायचो, भोंग्याला ओ द्यायची नसते, दुर्लक्ष करायचं असतं. शहरात राहायचं म्हणजे अर्धं कौशल्य दुर्लक्ष करण्याचंच. हे मी मोठ्या शहाणपणानं सांगायचो.

पाण्याचं कळलं तेव्हा मात्र ते चिडले नाहीत, हसले. "हितंबी आठ दिसाची पाळी? मग हे आपल्या वळखीचं हाय." आणि त्यांनी मला त्यांच्या विहिरीची हकीकत सांगितली. नंतर ती इतक्या वेळा सांगितली की मला पाठ झाली.

बोरवस्तीवर त्यांची दोन एकर जमीन. बांधाला बांध हबीबचा, तीन एकर. विहीर एकच, हबीबच्या हद्दीत. बहात्तरच्या दुष्काळात दोघांच्या बापांनी मिळून खोदली. हबीब आणि पुंजाराम तेव्हा तरणे होते, त्यांनी माती वाहिली. कागदावर ती एकट्या हबीबची होती, तोंडी दोघांची. चार दिवस पाणी ह्याचं, चार दिवस त्याचं, म्हणजे आठव्या दिवशी पाळी फिरून आपल्याकडं. पाळी संपली की विहिरीच्या काठावर उभं राहून समोरच्याला हाक मारायची. तीन हाका. ओ आली तर पाणी त्याचं झालं. ओ आली नाही तर त्याला आज गरज नाही असं धरायचं आणि पाणी आपल्याच वाफ्याला फिरवायचं. मागून कुरकूर करायची नाही, ना ह्यानं ना त्यानं.

"आणि चौथी हाक?" मी विचारलं.

"चौथी नाय मारायची. चौथी मारली म्हंजी, तू ऐकून ओ देईनास, आसं त्याच्या तोंडावर म्हणल्यासारखं व्हतं."

पुंजारामभाऊ इकडं आल्यापासून दोन्ही रानं हबीबच बघत होता. नात शाळेत गेली की पुंजारामभाऊ परत जाणार, विहिरीतला गाळ दोघं मिळून काढणार, मग मोसंबी लावणार. मोसंबीचं ते इतक्या बारकाव्यानं बोलायचे की मला कधी कधी सालाचा वास यायचा.

तर नळाची पाळी. पाणी कधी सकाळी सहाला यायचं, कधी दुपारी बाराला, लाइनमनच्या लहरीवर. पुंजारामभाऊंनी ते काम आपणहून अंगावर घेतलं. आठव्या दिवशी पहाटेपासून खालच्या टाकीजवळ बसायचे, नळ फुरफुरला की जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हाक द्यायचे, "पाणी आलं होऽऽ." तीनदा. चार मजल्यांच्या भांड्यांचा आवाज व्हायचा त्यानंतर. सहा महिने आमच्याकडं एकाही घराचं पाणी चुकलं नाही, हे मी सेक्रेटरी म्हणून कबूल करतो.

पण चौथ्या मजल्यावरचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा, पहिल्या मजल्यावरच्या बाईंचं डोकं दुखायचं, आणि खरं सांगायचं तर मलाच ते बरं वाटत नव्हतं. आपली सोसायटी म्हणजे काय वस्ती आहे? मी त्यांना सांगितलं, मोबाईलवर ग्रुप आहे, त्यावर टाकत जाऊ. ते म्हणाले, "ग्रुपवर ओ कोण देतं?" मी पाटी रंगवून आणली. पुंजारामभाऊ चौथीपर्यंत शिकलेले. अक्षराखाली बोट ठेवून त्यांनी ती पूर्ण वाचली, 'सेक्रेटरी'पर्यंत. म्हणाले, "बरं." त्यानंतर त्यांनी आवारात कधी हाक मारली नाही. मला त्या दिवशी आपण काहीतरी जिंकलो असं वाटलं होतं.

दुसरं माझं पुण्यकर्म कापसाचं. त्यांना दुपारी डोळा लागेना. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम निघालं होतं, त्यात भोंगे. मी आमच्या हिच्या वातींच्या कापसातला बोळा त्यांना दिला. त्यांनी त्याला गोडेतेलाचं बोट लावलं, दोन्ही कानांत घातला आणि माझ्याकडं बघून हसले. "साहेब, निम्मं औरंगाबाद बंद झालं." मग रोज जेवण झालं की कापूस आणि दोन तासांची झोप. साळूबाईंनी मला दुवा दिला.

दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. दुपारचे तीन वाजले असतील. मी खिडकीजवळ बसून वार्षिक सभेची नोटीस लिहीत होतो. साळूबाई नातीला आणायला बालवाडीत गेल्या होत्या, सून कामावर, बन्सी पाळीवर. वॉचमन जेवायला गेला होता. खालून हाक आली, "पुंजा होऽऽ."

मी वाकून पाहिलं. पांढरी दाढी, डोक्यावर गोल टोपी, खांद्यावर पंचा, हातात कापडी पिशवी. म्हातारा आवाराच्या मधोमध उभा राहून वर बघत होता, नेमकं कुठं बघावं हे माहीत नसल्यासारखा. दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली. माझ्या मनात आलं, पाटी समोर असताना ओरडतोय. मी खिडकी लावून घेतली. तिसरी हाक काचेतून ऐकू आली. मग काही नाही. थोड्या वेळानं पाहिलं तर आवार मोकळं होतं.

तो हबीब होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण हाक पुंजारामला आहे हे कळत होतं, आणि पुंजारामच्या कानात कापूस कुणी घातला होता हेही माहीत होतं. वर एक मजला चढून दार वाजवायला मला किती वेळ लागला असता?

संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी टँकरवरून भांडण झालं आणि ते राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीच्या खाली ती कापडी पिशवी दिसली. आत सीताफळं, डोळे नुकते उघडलेली. म्हातारा मला लगेच आठवला. पण आता सांगायचं म्हणजे काल का नाही सांगितलं हे आलं, आणि खिडकी लावली हेही आलं. मी ग्रुपवर लिहिलं, 'मीटरजवळ कुणाची पिशवी राहिली आहे?' पुंजारामभाऊ ग्रुपवर नव्हते. हे लिहिताना मला माहीत होतं. कुणी पुढं आलं नाही. तिसऱ्या दिवशी फळं मऊ पडली, वाया जातील म्हणून आम्ही दोघांनी खाल्ली.

दिवाळीला पुंजारामभाऊ गावी जाणार होते, तर नातीला डेंग्यू झाला. मग लग्नसराई, मग सुनेला सुटी नाही. गुढीपाडव्याच्या आधी एकदाचे गेले, विहिरीतला गाळ काढायची बोलणी करायला. चार दिवसांसाठी गेलेला माणूस त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीनं परत आला.

हबीबचं रान राहिलं नव्हतं. तिथं चुन्याच्या रेघा, पांढरे दगड, मधून मुरमाचा रस्ता आणि तोंडाशी फार्महाऊसच्या प्लॉटांचा फलक. विहिरीभोवती तारेचं कुंपण, त्याच्या फाटकाला कुलूप. हबीब नव्हताच वस्तीवर. ताहेराबी, त्याची बायको, आजारी पडली, तिला शहरात आणलं, जमीन विकली, आणि नवरा-बायको रोशन गेटला मुलीकडं, वहिदाकडं राहायला गेले, एवढं वस्तीवरच्या लोकांनी सांगितलं. पुंजारामभाऊंची दोन एकर तशीच होती. पण पाण्याशिवाय त्यांत मोसंबी सोडा, मेथी आली नसती.

हे सगळं त्यांनी मला नळाच्या कट्ट्यावर बसून सांगितलं. आवाज चढला नव्हता. "जमीन त्याची, त्यानं इकली. कागद त्याचा. पर इचारायचं तरी व्हतं, साहेब. रीत व्हती आमची. तीन हाका माराया पाहिजे व्हत्या त्यानं. नुसत्या तीन हाका."

मी म्हटलं, "हं." एवढंच म्हटलं.

त्यानंतर पुंजारामभाऊंचं तक्रार करणं बंद झालं. भोंगा वाजला तरी काही नाही, बँकेच्या बाई बाजूनं गेल्या तरी काही नाही. वहिदाच्या घरी जाऊन या म्हटलं तर मान हलवायचे. "ज्यानं हाक मारली नाय, त्याच्या दारात कशाला जाऊ?" मोसंबीचं नावही काढायचे नाहीत. शहराला नावं ठेवणारा तो माणूस मला नकोसा वाटायचा. आता गप्प बसलेला हा माणूस बघवत नव्हता. अकरा दिवस मी तसेच काढले. हिनं बाराव्या दिवशी विचारलं, "तुम्हाला काही होतंय का?" तेव्हा मी उठून वर गेलो.

त्यांना सगळं सांगितलं. हाका, खिडकी, पिशवी. ग्रुपचंही सांगितलं. साळूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. पुंजारामभाऊंनी शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "सीताफळं कशी व्हती?"

मी म्हटलं, "गोड होती."

"बांधावरच्या झाडाची. आमच्या दोघांत एकच झाड व्हतं ते." मग म्हणाले, "तेबी तोडलंय त्यांनी. बघितलं म्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिक्षानं रोशन गेटला गेलो. वहिदाच्या लग्नात पुंजारामभाऊंनी पंगत वाढली होती, तिला सासरी पोचवायलाही गेले होते, त्यामुळं घर त्यांना माहीत होतं. अरुंद गल्ली, दुसरा मजला, गॅलरीला हिरवा पडदा. दाराशी बेलचं बटण होतं. मी हात पुढं केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. गल्लीच्या मधे जाऊन उभे राहिले. मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता, त्याच्याकडं त्यांनी पाहिलंही नाही.

"हबीब होऽऽ."

पडदा हलला नाही. दुसरी हाक मारली. मग बरंच थांबून तिसरी. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. वरून काही आलं नाही.

मी म्हटलं, "पुंजारामभाऊ, आता बेल वाजवू."

त्यांनी मान हलवली आणि ते माघारी वळले. दोन-चार पावलं चालले असतील. मी पाठीमागं चालायला लागलो तोच ते थांबले, वळले, पुन्हा गल्लीच्या मधे आले आणि त्यांनी चौथी हाक मारली. पहिल्या तिन्हींपेक्षा ती बारीक होती.

पडदा सरकला. हबीब पडद्यामागंच उभा होता.

"चौथी मारली का रं, पुंजा?"

"व्हय."

"म्या पैलीच ऐकली व्हती."

"म्हाईत हाय," पुंजारामभाऊ म्हणाले.

वर गेलो. आतल्या खोलीत ताहेराबी पलंगावर झोपल्या होत्या, वहिदानं चहा टाकला. पुंजारामभाऊंनी सदऱ्याच्या खिशातून तेलकट कापसाचे दोन बोळे काढून हबीबच्या पुढ्यात ठेवले. "हे व्हते कानात. आल्लाशपथ घेऊ का देवाशपथ घेऊ, तू सांग." मग मी माझा भाग सांगितला. सांगताना मला आमच्या पाटीवरची अक्षरं दिसत होती. हबीबनं मधे एकही प्रश्न विचारला नाही. मी संपवल्यावर म्हणाला, "बगा साब, पाटी व्हती ते तर मला म्हाईतच नाय. म्या उर्दू शिकलेला."

फोन का केला नाही असं मी विचारलं. त्यावर दोघांनीही माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "आसलं बोलणं फोनवर करायचं व्हय?" हबीब म्हणाला.

मग तो पुंजारामभाऊंशीच बोलत राहिला. ताहेराचं ऑपरेशन सांगितलं होतं. प्लॉटवाले दोन महिने मागं लागले होते. विकायची तर होतीच, पण इतक्यात नाही आणि अख्खी नाही. विहीर आणि तिच्याभोवतीचा तुकडा राखायचा की कसं, एवढंच ठरवायला तो आला होता. "तू थांब म्हणला आसता तर थांबलो आसतो. नुसती ओ दिली आसती तरी. तीन हाका मारल्या, तुझी ओ नाय. म्या म्हणलं, पुंजा आता शहरात रमला, त्याला पाणी नको."

"मला पाणी नको आसंल?" पुंजारामभाऊ म्हणाले. "मला?"

"रीतच तशी हाय ना रं. तूबी तेच धरलं आसतं."

पुंजारामभाऊंनी मान खाली घातली. वहिदानं गॅलरीचं दार लावलं, बाहेर कुणाचा तरी भोंगा लागला होता.

"आता म्या ओ देतो," पुंजारामभाऊ म्हणाले.

हबीबनं त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. "आता ओ देऊन काय व्हतंय, पुंजा? पाणी दुसऱ्याच्या वाफ्यात गेलं."

जूनमध्ये नात शाळेत गेली. त्या दिवशी पुंजारामभाऊच तिला सोडून आले आणि नेहमीसारखे खाली कट्ट्यावर बसले. मुदत संपली होती. ना त्यांनी तो विषय काढला, ना मी. शुक्रवारी दुपारी ते रोशन गेटला जातात, हबीबशेजारी बसतात आणि येतात. काय बोलता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बोलाया काय ऱ्हायलंय?" कापूस आता घालत नाहीत. दुपारी जागेच असतात.

पाटी अजून तिथंच आहे. मी सभेत ती काढायचा विषय मांडला होता, पण चौथ्या मजल्यानं हरकत घेतली आणि ठराव बारगळला. परवा नळाचा वार होता. साडेअकराला पाणी आलं, पुंजारामभाऊ टाकीजवळच बसले होते. मी धावत खाली गेलो आणि म्हटलं, "पाटीचं राहू द्या, पुंजारामभाऊ. मारा हाक."

त्यांनी नळाच्या धारेखाली हात धरून पाणी गार आहे का बघितलं, मग ओला हात धोतराला पुसला.

"कुणाला मारू, साहेब?" ते म्हणाले. "तुम्ही ग्रुपवर टाका."